ग्रंथालयातील वाट : रस्ता, वास्तू आणि फळी यांच्या सांध्यांचा विचार

सार्वजनिक ग्रंथालयाची चर्चा मराठीत बहुधा ग्रंथसंख्या, अनुदान, वर्गणीदार आणि वाचनसंस्कृती या चार मुद्द्यांभोवती फिरते. दारातून आत आलेल्या माणसाला हव्या त्या ग्रंथाच्या फळीपर्यंत पोचता येते किंवा नाही, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम समजला गेला आहे. ग्रंथ खरेदी केला, त्याचे वर्गीकरण केले, तालिकेत त्याची नोंद झाली आणि तो मांडणीवर ठेवला, म्हणजे ग्रंथालयाचे काम पुरे झाले अशी एक समजूत त्यामागे असते. परंतु प्रथमच आलेला वाचक दहा मिनिटे फिरून, कोणालाही न विचारता परत गेला, तर त्याच्यापुरते ते काम झालेलेच नसते. अशा वाचकाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. आलेल्यांची संख्या मोजता येते, देवघेवीची आकडेवारी ठेवता येते. न सापडल्यामुळे परत गेलेल्यांची संख्या मात्र कोणत्याच वार्षिक अहवालात येत नाही.

अनोळखी जागेत आपण कोठे आहोत हे ओळखणे, इच्छित स्थळाची दिशा ठरवणे आणि तेथवर पोचलो याची खात्री करून घेणे, या तिन्ही क्रियांना मिळून येथे ‘मार्गशोध’ असे म्हटले आहे. केव्हिन लिंच यांनी १९६० साली शहरांच्या प्रतिमेविषयी लिहिलेल्या ग्रंथात ही कल्पना नगररचनेच्या संदर्भात मांडली. माणूस शहराचे चित्र मनात साठवतो ते मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणा या पाच घटकांच्या आधारे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे वास्तुशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांनी ही कल्पना इमारतींच्या अंतर्भागास लावली. ग्रंथालयाच्या बाबतीत तिला एक जोड द्यावी लागते. रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकात शोध एखाद्या खोलीपाशी वा फलाटापाशी संपतो. ग्रंथालयात तो खोलीपाशी संपत नाही. खोलीत शिरल्यावर त्याचा सर्वांत अवघड टप्पा सुरू होतो.

ओसरी आणि माजघर

मराठी माणसाला इमारतीत पाटीवाचून वाट शोधण्याची सवय नाही असे नाही. देवळात दीपमाळ, महाद्वार, सभामंडप आणि गाभारा हा क्रम ठरलेला असतो. गाव परका असला तरी देऊळ परके वाटत नाही. जुन्या वाड्याचीही तीच गोष्ट होती. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर या क्रमात केवळ जागांची मांडणी नव्हती. कोणी कोठवर यावे याची मर्यादाही त्यात सांगितलेली होती. आलेला परका माणूस ओसरीवर थांबे. हवी ती वस्तू आतून बाहेर येई.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात उभी राहिलेली ग्रंथालये पुष्कळशी याच न्यायाने चालली. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा १८९८ सालचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांनी मराठी वाचक घडवला, हे निर्विवाद आहे. त्या काळात सर्वत्र रूढ असलेली व्यवस्था बंद कपाटांची होती. वाचकाने यादी पाहावी, चिठ्ठी लिहावी, ती देवघेवीच्या टेबलावर द्यावी आणि वाट पाहावी. वाचक ओसरीवर आणि ग्रंथ माजघरात, असे तिचे वर्णन करता येईल. या व्यवस्थेत वाचकाला इमारत समजण्याची गरज नव्हती. टेबलापलीकडचा कर्मचारी कपाटांची रांग, ग्रंथाची उंची, कव्हराचा रंग आणि मागे तो कोणी नेला होता हेसुद्धा जाणून असे. मार्गशोधाचे संपूर्ण काम त्याच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले होते.

ही ओसरी ओलांडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राबाहेरच्या, परंतु मराठी राजवट असलेल्या बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बोर्डन यांनी तेथील संग्रहासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. १९१२ पासून निघू लागलेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या ग्रंथभांडारात मजल्यांची जमीन जाड काचेची करण्यात आली, ती वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. पाठीवरचे नाव वाचता आले नाही तर ग्रंथ सापडत नाही, इतकी साधी गोष्ट त्या जमिनीने मान्य केली होती.

एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. १९३१ साली ही सूत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन ग्रंथ निवडण्याची पद्धत, हा रंगनाथन यांच्या विचाराचा महत्त्वाचा भाग होता. दार उघडले म्हणजे वेळ आपोआप वाचतो असे मात्र त्यांनी मानले नाही. दोन रांगांमधील बोळ, त्यातील खण आणि खणातील फळी, या प्रत्येक पातळीवर वेगळी मार्गदर्शक पाटी असावी, याचा बारीक तपशील त्यांच्या व्यवस्थापनविषयक लेखनात आढळतो. पुढे अनेक ग्रंथालयांनी त्यांचे मुक्तद्वार घेतले आणि पाट्या मागे राहिल्या. वाचक माजघरात आला. तेथे काय कोठे आहे हे सांगणारा माणूस मात्र ओसरीवरच बसून राहिला.

रस्ता ते दार

या स्थित्यंतराचे निरीक्षण करण्यास दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग हे सोयीचे स्थळ आहे. कॅनॉट प्लेस आणि इंडिया गेट यांना जोडणारा हा मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. या एकाच रस्त्यावर क्रमांक ३ येथे जर्मन सांस्कृतिक केंद्र असलेले मॅक्सम्युलर भवन, क्रमांक १७ येथे ब्रिटिश कौन्सिल आणि क्रमांक २४ येथे अमेरिकन सेंटर आहे. पुस्तकांच्या शोधात दिल्लीत येणाऱ्या अनेक पिढ्यांना हा रस्ता परिचित आहे. २०१३ साली सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर, इंडिया गेटच्या बाजूस असल्यामुळे मराठी प्रवाशालाही तो अनोळखी राहिलेला नाही.

या परदेशी सांस्कृतिक संस्थांची ग्रंथालये काटेकोर अर्थाने सार्वजनिक ग्रंथालये नव्हेत. त्यांचा खर्च त्या त्या देशाच्या संस्था करतात. काटेकोर अर्थाचे सार्वजनिक ग्रंथालय दिल्लीत जुन्या दिल्ली रेल्वे स्थानकासमोर आहे. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. कोणालाही यावे, स्वतः कपाटापाशी जावे, ही तिची भूमिका होती. परंतु प्रथमच येणाऱ्या माणसासमोरचा मार्गशोधाचा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे, आणि कस्तुरबा गांधी मार्गावर तो एका रेषेत मांडलेला दिसतो.

पहिला टप्पा रस्ता ते दार हा. लिंच यांच्या परिभाषेत हा रस्ता ‘मार्ग’ आहे आणि कॅनॉट प्लेस हे ‘नाके’. वर्तुळाकार बाजारपेठेतून बाहेर पडणारे रस्ते नवख्याला एकमेकांसारखेच भासतात. एक फाटा चुकला की माणूस भलत्याच दिशेला निघतो. दिल्लीतील रस्त्यांची नावे हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषांत लिहिलेली असतात, आणि देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसाला त्यांतील एक पाटी तरी आपली वाटते. पण रिक्षावाल्याशी बोलताना ‘के. जी. मार्ग’ हे संक्षिप्त रूपच कामी येते. पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव यांतील हे अंतर ग्रंथालयाच्या आतही पुन्हा भेटते.

सरळ रस्त्यावर क्रमांकापेक्षा खूण अधिक उपयोगी पडते. ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवर ती आहे. १९९२ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांनी एका विशाल वृक्षाची सावली काळ्या कडप्पा दगडात आणि पांढऱ्या मकराणा संगमरवरात साकारली आहे. एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही आणि दुसऱ्याला सहज सांगू शकतो. मार्गशोधाच्या दृष्टीने उत्तम खुणेची हीच व्याख्या आहे : ती लांबून दिसावी, तिच्यासारखी दुसरी जवळपास नसावी आणि ती शब्दांत सांगता यावी.

मुंबईच्या नगर भवनाची खूणही अशीच आहे. १८३३ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या तीस पायऱ्या आणि वरचे खांब कोणीही ओळखतो. एशियाटिक सोसायटीचा संग्रह तेथे आहे आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा पत्ताही नगर भवन हाच आहे. परंतु खूण ओळखणे आणि आत जावेसे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उंच पायऱ्या इमारतीचे महत्त्व सांगतात, तसेच त्या चढणाऱ्याला आपण येथे चालू का, असा प्रश्नही विचारतात. चाकाच्या खुर्चीवरील वाचकासाठी, गुडघे धरलेल्या वृद्धासाठी तो प्रश्न शब्दशः असतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानंतर उतरंडीची पर्यायी वाट हा कृपेचा विषय राहिलेला नाही. परंतु अशी वाट मागच्या बाजूस असेल आणि तिची पाटी पुढच्या बाजूस नसेल, तर कायदा पाळूनही वाचक बाहेरच राहतो.

दार ते दालन

ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३० ते २०१५) यांचे कार्यक्षेत्र मुंबई. नव्या मुंबईच्या आखणीतील त्यांचा सहभाग सर्वश्रुत आहे आणि पुण्याच्या ‘आयुका’ची वास्तूही त्यांचीच. आयुकाच्या परिसरात मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तेथे येणारा माणूस आपोआप त्या मोकळ्या जागेकडे ओढला जातो आणि तेथून इतर भागांचा अंदाज घेतो. आकाशाला उघडी असलेली मधली जागा हा कोरिया यांच्या रचनांचा कायमचा विशेष होय. वाड्याच्या चौकाशी तिचे नाते उघड आहे. चौकात उभे राहिले की चारही सोपे दिसतात. त्यामुळे कोठे जायचे हे ठरवण्यासाठी नकाशा लागत नाही.

दिल्लीच्या इमारतीत ग्रंथालय, प्रेक्षागृह, कलादालन आणि कार्यालये असे भिन्न स्वभावाचे घटक एकत्र आणावयाचे होते. कोरिया यांनी ते एका लांब अक्षाभोवती रचले. या अक्षावर तीन स्थाने आहेत. अगदी मागच्या टोकाला हिंदू परंपरेतील बिंदूचे प्रतीक असलेली सर्पिल आकृती, मधल्या चौकात इस्लामी परंपरेतील चारबाग, आणि प्रवेशाच्या बाजूस युरोपीय विवेकयुगाचे प्रतीक म्हणून संगमरवर व ग्रॅनाइट यांतील जडावकाम. भारत आणि ब्रिटन यांच्या संबंधांचे थर या क्रमातून दाखवावेत असा हेतू होता. हा प्रतीकार्थ प्रत्येक अभ्यागताला कळतोच असे नाही, आणि तो कळला नाही तरी त्याचे अडत नाही. मार्गशोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते अक्षाचे अस्तित्व. समोर दूरवर काहीतरी दिसत असल्यामुळे माणसाला दिशा मिळते, आणि कोणत्याही दालनातून बाहेर आले तरी अक्षाकडे परतता येते. हरवलेल्या माणसाला सर्वप्रथम हवी असते ती परतीची खात्री.

याच्या उलट उदाहरण म्हणून अमेरिकेतील सिएटल शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उल्लेख वारंवार केला जातो. रेम कूल्हास यांच्या संस्थेने रचलेली ही इमारत २००४ साली सुरू झाली. तेथील ललितेतर ग्रंथ एका सलग चढत्या सर्पिल उतारावर चार मजल्यांभोवती मांडलेले आहेत. क्रमांक तुटत नाही, विषयांची रांग मजल्यांमुळे खंडित होत नाही, ही कल्पना खरोखर मौलिक आहे. परंतु याच इमारतीत मधले मजले वगळून वर नेणारे सरकते जिने आहेत आणि खाली येण्यासाठी त्यांच्या जोडीचे जिने नाहीत. लॉरा कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इमारतींत हरवण्याविषयी लिहिलेल्या निबंधात या ग्रंथालयाचेच उदाहरण घेतले. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, माणूस हरवतो तो एकट्या इमारतीच्या दोषामुळे किंवा एकट्या स्वतःच्या उणिवेमुळे नव्हे. इमारतीची घडण, तिचे मनात उमटणारे चित्र आणि शोध घेण्याची त्या व्यक्तीची रीत या तिन्हींचा मेळ बसला नाही की वाट चुकते. आलेल्या वाटेनेच परत जाता येईल ही अपेक्षा बहुतेकांच्या मनात असते. इमारतीने ती मोडली तर पाट्या कितीही लावल्या तरी संभ्रम उरतो.

दालन ते फळी

अक्ष कितीही सुस्पष्ट असला तरी तो वाचकाला ग्रंथालयाच्या दालनाच्या दारापर्यंतच नेतो. दार ओलांडल्यावर दगड, उजेड आणि अंगण यांची भाषा संपते व आकड्यांची सुरू होते. येथे मार्गशोधाचे साधनच बदलते, आणि हा बदल वाचकाला कोणी सांगत नाही.

दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३ येथे येते. मराठी भाषेविषयीचे ग्रंथ मात्र ४९१.४६ येथे, म्हणजे चारशे अंक अलीकडे. मोठ्या ग्रंथालयात भाषा आणि साहित्य यांच्या दरम्यान विज्ञान, वैद्यक, शेती, संगीत आणि खेळ हे सर्व विषय पसरलेले असतात. व्याकरण आणि कविता जवळजवळ असतील अशी मराठीच्या विद्यार्थ्याची अपेक्षा असते. ती चूक नाही. वर्गीकरणाची तर्कपद्धती निराळी आहे इतकेच. त्यातच दशांश चिन्हानंतरचा क्रम पूर्णांकासारखा वाचला गेला तर ८९१.४७ हे ८९१.४६३ च्या आधी यावे असे वाटते. प्रत्यक्षात ते नंतर येते. हा एवढा उलगडा झाला नाही म्हणून योग्य बोळात उभा असलेला वाचकसुद्धा ग्रंथ नाही असे समजून परततो.

मराठी संग्रहाच्या काही अडचणी खास मराठी आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ कोठे शोधावी? तिला धर्मग्रंथ मानले तर ती २९४.५ च्या आसपास, तत्त्वज्ञान मानले तर १८१.४ मध्ये आणि काव्य मानले तर ८९१.४६१ येथे जाईल. तिन्ही निर्णयांचे समर्थन करता येते आणि वेगवेगळ्या ग्रंथालयांत वेगवेगळे निर्णय होऊ शकतात. लेखकनामांचीही तीच कथा. नाटककार वि. वा. शिरवाडकर आणि कवी कुसुमाग्रज, कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर आणि कवी आरती प्रभू, नाटककार राम गणेश गडकरी आणि कवी गोविंदाग्रज : ही प्रत्येक जोडी एकाच व्यक्तीची. ‘ख’ च्या फळीपाशी खानोलकरांचा कवितासंग्रह शोधणारा वाचक तो ‘आ’ पाशी असू शकेल हे कसे ओळखणार? एका नावाकडून दुसऱ्याकडे नेणारी नोंद तालिकेत असते, फळीवर नसते. वस्तुतः त्या जागी एक लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ‘कवितांसाठी आरती प्रभू पाहा’ एवढे लिहिले तरी पुरे.

वर्णक्रमही गृहीत धरता येत नाही. शाळेतील मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणकातील संकेतांकांच्या सरळ क्रमाने लावलेल्या यादीत ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, तर क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज यांच्या खाली जातात. मराठीसाठी योग्य क्रम संगणकाला शिकवता येतो. तो शिकवलेला नसेल तर पडद्यावरची यादी आणि फळीवरची रांग यांचे क्रम जुळत नाहीत. मग तालिका बरोबर, मांडणी बरोबर आणि वाचकही बरोबर असून ग्रंथ सापडत नाही.

पाटी आणि शांतता

अनेक ग्रंथालयांत सर्वांत ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी ‘शांतता राखा’ ही असते. तिच्या पाठोपाठ पिशव्या बाहेर ठेवण्याविषयी, पादत्राणांविषयी, भ्रमणध्वनीविषयी आणि पाने फाडण्याविषयी सूचना येतात. पाट्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पाडता येतात : मनाई करणाऱ्या, जागेचे नाव सांगणाऱ्या आणि दिशा दाखवणाऱ्या. यांपैकी पहिल्या प्रकारच्या विपुल, दुसऱ्या प्रकारच्या पुरेशा आणि तिसऱ्या प्रकारच्या अगदी थोड्या, असे प्रमाण सामान्यतः दिसते. परिणाम असा होतो की, जेथे दिशा विचारण्याची सर्वाधिक गरज असते तेथेच बोलण्याला मज्जाव असतो.

दिशादर्शक नकाशा असला तरी तो कोणत्या बाजूने लावला आहे याला महत्त्व आहे. ‘आपण येथे आहात’ अशा नकाशांचा अभ्यास मार्व्हिन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. नकाशाची वरची बाजू ही पाहणाऱ्याच्या समोरची दिशा असली पाहिजे. तसे नसेल तर माणसे सर्रास उलट्या दिशेला जातात, असे त्यात आढळले. इमारतीच्या आराखड्याची एकच प्रत काढून ती चारही भिंतींवर लावली, तर ती जास्तीत जास्त एका भिंतीवर बरोबर असते.

कस्तुरबा गांधी मार्गासारख्या ठिकाणी आणखी एक टप्पा येतो, तो सुरक्षा तपासणीचा. दारावरचा रक्षक हा अभ्यागताला भेटणारा पहिला माणूस असतो, आणि ग्रंथालय कोणत्या बाजूस हे बहुतेक जण त्यालाच विचारतात. भारतीय शहरांत वाचून जाण्यापेक्षा विचारून जाण्याची रीत जुनी आहे आणि ती कमी प्रतीची नाही. वारीला निघालेला माणूस पाट्या वाचत जात नाही. तो दिंडीबरोबर चालतो. परंतु ग्रंथालयात ही रीत अर्ध्यावर साथ सोडते. वारीत सर्वांचे गंतव्य एकच असते. ग्रंथालयात प्रत्येकाचे निराळे, त्यामुळे पुढच्याच्या मागे जाऊन आपला ग्रंथ सापडत नाही.

विचारण्यास संकोच का होतो, याचे उत्तर कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. अमेरिकेतील एका विद्यापीठातील सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांचे लेखन दोन वर्षे तपासले असता प्रत्येक वर्गातील ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या पहिल्या अनुभवाचे वर्णन भीती या शब्दाच्या आसपास केलेले आढळले. ग्रंथालयाचा विस्तार, वस्तू कोठे आहेत याचे अज्ञान, आरंभ कोठून करावा आणि काय करावे हे न कळणे, ही कारणे पुढे आली. विशेष म्हणजे, इतरांना हे सर्व येते आणि आपल्यालाच येत नाही असे प्रत्येकाला वाटत होते. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, म्हणून ते विचारत नव्हते. ही सगळी मुले विद्यापीठात पोचलेली होती. घरात पहिल्यांदाच पुस्तक शोधायला निघालेल्या, शिक्षणाची परंपरा नसलेल्या वाचकाच्या मनात हा संकोच किती पटींनी असेल, याची कल्पना करता येते. ज्याला वाट सापडत नाही तो इमारतीला दोष देत नाही, स्वतःला देतो. सार्वजनिक ग्रंथालयाने ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ तपासावा तो येथे.

सांध्यावरचा माणूस

वरील विवेचनावरून दिसते की ग्रंथालयातील वाट तीन तुकड्यांची आहे. रस्ता ते दार हा तुकडा शहराच्या भाषेत, दार ते दालन हा वास्तूच्या भाषेत आणि दालन ते फळी हा वर्गीकरणाच्या भाषेत लिहिलेला असतो. नगररचनाकार, वास्तुविशारद आणि ग्रंथपाल हे तिघेही आपापला तुकडा काळजीपूर्वक लिहितात. वाचक चुकतो तो बहुधा तुकड्यांच्या मधल्या सांध्यावर, कारण सांधा कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. पूर्वी त्या जागी देवघेवीच्या टेबलावरचा माणूस होता. त्याच्याकडे तिन्ही भाषा होत्या. मुक्तद्वार पद्धतीने वाचकाला स्वातंत्र्य दिले, हे तिचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या माणसाचे काम नाहीसे झाले नाही. ते वाचकाच्या खांद्यावर आले.

संगणकीय तालिकेने आणि भ्रमणध्वनीवरील नकाशांनी यातील पहिला तुकडा बराच सोपा केला आहे. रस्त्यावरचा माणूस आता क्रमांक १७ पर्यंत न विचारता पोचतो. तालिका ग्रंथाचा वर्गांकही सांगते. परंतु वर्गांक हा पत्ता आहे, वाट नव्हे. ८९१.४६१ ही फळी कोणत्या मजल्यावर, कोणत्या बोळात आणि कोणत्या हाताला, हे नोंदीत लिहिलेले नसेल तर दुसरा सांधा उघडाच राहतो. दृष्टिहीन वाचकाच्या बाबतीत तर पडद्यावरचा आकडा आणि भिंतीवरची पाटी दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्याला पायाखालची स्पर्शपट्टी, ब्रेल अक्षरे किंवा हात धरणारा माणूस लागतो.

यावर उपाय खर्चिकच असले पाहिजेत असे नाही. वर्गांकाच्या बाजूस विषयाचे नाव मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिणे, प्रत्येक बोळाच्या दोन्ही तोंडांशी पाटी लावणे, टोपणनावांसाठी फळीवर निर्देश ठेवणे, नकाशा भिंतीनुसार फिरवून लावणे आणि दारावरील रक्षकाला ग्रंथालयाची रचना समजावून सांगणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. मुक्तद्वार दालनात टेबलामागे न बसता रांगांमधून फिरणारा एक कर्मचारी असणे ही गोष्टही तितकीच आवश्यक आहे. ‘काही शोधता आहात का?’ हा प्रश्न त्याने विचारला म्हणजे वाचकाला तो विचारावा लागत नाही.

या व्यवस्थेची परीक्षा घेण्याची एक रीत कोणत्याही ग्रंथालयाला उपलब्ध आहे. इमारतीत पूर्वी कधी न आलेल्या चार-पाच व्यक्तींना एकेका ग्रंथाचे नाव द्यावे आणि त्या कोठे थांबतात, कोठून मागे वळतात, कोणाला काय विचारतात, हे फक्त टिपून ठेवावे. दारावरच्या रक्षकाला आठवडाभर विचारले गेलेले प्रश्नही त्याच्याकडून लिहून घ्यावेत. हाताने लिहून चिकटवलेले कागद ग्रंथालयात कोठे कोठे आहेत तेही पाहावे, कारण असा प्रत्येक कागद पूर्वी तेथे कोणीतरी वाट चुकल्याची नोंद असतो. या तीन याद्या एकत्र ठेवल्या की सांधे कोठे उघडे आहेत ते स्पष्ट होते. वार्षिक अहवालात न येणारा, न विचारता परत गेलेला वाचक त्या याद्यांत प्रथमच दिसू लागतो.